कोलारचं सोनं भेगेत कसं बसलं

[ड्रोन शॉट: राखाडी टेकड्या, मागे वस्ती]

लांबून डोंगर वाटतात, पण यातली एकही टेकडी निसर्गाची नाहीये. शंभरहून जास्त वर्षं खाणीतून दगड वर काढला, दळला, सायनाईड वापरून सोनं वेगळं केलं आणि उरलेली पूड इथे आणून टाकली, अशा 13 टेकड्या, सगळं मिळून साधारण 3 कोटी 30 लाख टन. कर्नाटकातलं केजीएफ, म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स, म्हटलं की प्रत्येक कॅमेरा आधी इथेच येतो, आमचाही आला. हे ढीग उपसून उरलंसुरलं सोनं काढायची चर्चाही चालते. आम्हाला मात्र बोलायचंय ते या टेकड्यांच्या खाली असलेल्या भेगेबद्दल.

[गंजलेला हेडगिअर, म्हणजे खाणीच्या तोंडावरचा लोखंडी मनोरा, वरचं चाक]

याच चाकावरून माणसांचा पिंजरा खाली सुटायचा. चॅम्पियन रीफ खाण साधारण 3.2 किलोमीटर खोल, म्हणजे आपलं कळसूबाई एकावर एक असं दोनदा ठेवलं तर जवळपास तेवढं. 1880 मध्ये जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी आली, 1902 ला शिवनसमुद्रची वीज आली, आणि एकूण काढलं साधारण 800 टन सोनं. इतकं खोल जायचं कारण एकच, सोन्याची शीर खाली खाली जात होती आणि माणसं तिच्या मागे जात होती.

[नकाशा: उत्तर-दक्षिण अरुंद पट्टा]

हा कोलारचा शिस्ट पट्टा, शिस्ट म्हणजे दाबाने पापुद्रे पडलेला दगड, लांबी 80 किलोमीटर आणि रुंदी जेमतेम 3-4. मुळात समुद्राखाली ओतलेला लाव्हा, नंतर दोन्ही बाजूंच्या ग्रॅनाइटसारख्या खडकांत दाबला गेलेला. दाब इतका की पट्टा उभा चिरला. शाळेत आपण याला प्रस्तरभंग म्हणायचो, खाणीतली माणसं सरळ फॉल्ट म्हणतात, आणि खूप खोलवर जिथे दगड कडकन तुटायच्या ऐवजी घासत, चिरडत सरकतो त्या पट्ट्याला शिअर झोन. चॅम्पियन लोड, म्हणजे इथली सोन्याची मुख्य शीर, अशाच शिअर झोनमध्ये आहे.

[क्लोजअप: तळहातावर गारगोटीचा तुकडा]

हे नीट बघा, आख्ख्या व्हिडिओतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. इथल्या खाणीत आयुष्य घालवलेल्या एका आजोबांनी जुन्या पेपरात गुंडाळून जपून ठेवलेला हा तुकडा. गारगोटी, पण आपल्या शेतात सापडते तशी पांढरीशुभ्र नाही, धुरकट निळसर, आणि तिच्यात काळ्या रेघा, पापडाची चळत बाजूने बघावी तशा. प्रत्येक काळी रेघ म्हणजे कडेच्या दगडाची सालपट, आणि दोन रेघांमधली गारगोटी म्हणजे भेग एकदा उघडली आणि भरली.

होतं असं की खोलवरचं गरम पाणी, ज्यात सोनं गंधकाला धरून विरघळलेलं असतं, ते फॉल्टच्या खाली अडकून राहतं, वर गारगोटीचं बूच बसलेलं असतं, दाब वाढत जातो, वाढत जातो, आणि एक दिवस फॉल्ट सरकतो, म्हणजे भूकंपच होतो. भेग उघडते, पाणी वर धावतं, दाब एकदम उतरतो आणि पाण्याला आता सगळं धरून ठेवता येत नाही, गारगोटी आणि सोनं तिथेच बसतात. शिवाय कडेच्या खडकातलं लोह पाण्यातलं गंधक ओढून घेतं, सोन्याचा आधारच सुटतो. मग भेग बुजते, परत बूच, परत दाब. रिचर्ड सिब्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 मध्ये हे मांडलं, याला फॉल्ट व्हॉल्व्ह म्हणतात, आपल्या कुकरच्या शिट्टीसारखंच. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली, भूकंपात गारगोटीवर ताण आला की तिच्यात वीज तयार होते आणि त्या विजेने सोनं आधीच्या सोन्याच्या कणावरच चिकटत जाऊ शकतं, म्हणून गोळे मोठे होतात.

[ग्राफिक: मुख्य फॉल्ट, बाजूच्या फांद्या]

आणि सगळा फॉल्ट काही सोन्याने भरलेला नसतो. शेतातला पाट आठवा, पाटातून पाणी धावतं पण मुरतं सऱ्यांमध्ये. तसंच मोठा फॉल्ट पाणी वाहून नेतो, भरघोस सोनं साठतं बाजूच्या लहान फॉल्टमध्ये, जिथे फॉल्ट वाकतो, जिथे दोन फॉल्ट एकमेकांना छेदतात, कारण सरकताना पोकळी तिथेच होते. ऑस्ट्रेलियातली फॉस्टरव्हिल खाण आधी अगदी साधी होती, मग खोलवर स्वान नावाचा फॉल्ट सापडला, 2018 अखेरच्या हिशोबात त्या भागात टनाला जवळपास 50 ग्रॅम सोनं आणि 2019 या एका वर्षात खाणीतून 19 टनांच्या वर उत्पादन. कोलारच्या या टेकड्यांत टनामागे ग्रॅमभर किंवा त्याहूनही कमी.

[बंद फाटक, कुलूप]

28 फेब्रुवारी 2001 ला खाण बंद झाली, हजारो घरांची रोजीरोटी गेली, उन्हाळ्यात या पुडीची धूळ आजही वस्तीवर येते.

[जुना खाणीचा नकाशा, पेन्सिलीच्या खुणा]

हा बघा उभा छेद. लोड वर तिरपा आहे, खाली जाता जाता जवळजवळ सरळ उभा होतो, आणि या खुणा करणाऱ्याने प्रत्येक वाकण टिपलंय, कंदिलाच्या उजेडात, हाताने मोजून. असे नकाशे स्कॅन करून थ्रीडीत मांडायला हवेत, ढीग उपसण्याच्या आधी, आणि ड्रिलिंग करायचं तर या वाकणांवर नेम धरून करायला हवं. रायचूरच्या हट्टी खाणीतही सोनं शिअर झोनमध्येच आहे आणि ती आजही चालू आहे. आपल्या भंडारा-नागपूरकडच्या साकोली पट्ट्यातही जीएसआयने, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने, सोनं शोधलंय, तिथेही काम सुरू होतं ते फॉल्ट कुठून जातो, कुठे वळतो हे नकाशावर उतरवण्यापासूनच.

आजोबांचं बोट बघा, लोडच्या रेघेवरून खाली येतंय. तीन वेळा थांबलं, तिन्ही वेळा वाकणावर.