जिवाणूचं नाव नको, काम सांगा

पोटातल्या जिवाणूंची तपासणी केली की एक रिपोर्ट मिळतो. अमका जिवाणू इतके टक्के, तमका तितके टक्के, बाजूला लाल-हिरवे पट्टे. दिसायला एकदम भारी. पण ती नावं वाचून तब्येतीबद्दल फारसं काही कळत नाही. का, ते एका औषधावरून बघू.

डिगॉक्सिन. हृदयविकारावरचं जुनं औषध. ते फार जपून द्यावं लागतं, कारण गुण देणारा डोस आणि विषारी डोस यांत अंतर अगदी थोडं. तर काही पेशंटच्या आतड्यातच हे औषध निकामी व्हायचं. १९८०च्या दशकात संशय एका जिवाणूवर आला. आज त्याला एगर्थेला लेंटा म्हणतात. मग ज्याच्या पोटात हा, त्याचं औषध वाया? गणित इतकं सरळ निघालं नाही. काहींच्या पोटात हा जिवाणू असूनही औषधाला धक्का लागत नव्हता!

२०१३ मध्ये हार्वर्डमधल्या पीटर टर्नबॉ यांच्या गटाला कारण सापडलं. डिगॉक्सिन निकामी करणारी जनुकं या जिवाणूच्या काही वाणांतच, म्हणजे उपप्रकारांतच, असतात. बाकीच्यांत नाहीत. नाव तेच, कुळ तेच, पण हत्यार एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही. पुढची गंमत मला जास्त आवडते. आर्जिनिन हे प्रथिनांतलं अमिनो आम्ल भरपूर मिळालं की ती जनुकं थंडावतात. त्यांनी उंदरांना जास्त प्रथिनं खायला घातली, तर रक्तात औषध जास्त पोचलं. म्हणजे जनुक असलं तरी ते चालू आहे का, हाही प्रश्न उरतोच.

ई. कोलायचंही तसंच. बहुतेकांच्या आतड्यात तो निमूटपणे राहतो. त्याचाच ओ१५७:एच७ हा वाण रक्ताचे जुलाब लावतो, कधी किडनीवर जातो. प्रयोगशाळेतल्या साध्या वाणाशी ताडून पाहिलं, तर याच्याकडे १,३००हून अधिक जनुकं जादा. आणखी काही वाण कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात. ते आपल्या पेशींच्या डीएनएला इजा करतं. २०२० मध्ये त्या इजेची ठरावीक खूण मोठ्या आतड्याच्या काही कॅन्सरमध्ये सापडली. घाबरू नका, असे वाण पोटात असलेली धडधाकट माणसंही पुष्कळ आहेत.

आता उलट बाजू. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ह्युमन मायक्रोबायोम प्रोजेक्टनं दोनशेहून जास्त निरोगी माणसं तपासली. जिवाणूंची यादी माणसागणिक वेगळी, पण पिष्टमय पदार्थ मोडणं, जीवनसत्त्वं बनवणं ही मूलभूत कामं बरीचशी सारखी. त्यामुळे ‘निरोगी पोटाची आदर्श यादी’ कुणी विकायला आलं, तर मी तरी घेणार नाही.

आणि अमक्या आजारात अमका जिवाणू वाढतो, अशी बातमी वाचलीत तर एक गोष्ट बघा: पेशंट कोणती औषधं घेत होते? टाइप २ डायबेटिसमध्ये आतड्यातले जिवाणू बदलतात, असं अनेक अभ्यासांत दिसलं होतं. २०१५ मध्ये मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी घेणारे आणि न घेणारे पेशंट वेगळे काढून पाहिले. त्यातला बराचसा बदल आजाराचा नव्हताच, गोळीचा होता.