पोस्टकार्डावरचा मुंबईचा किनारा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेत छापलंय की जुन्या चित्र-पोस्टकार्डाचा काळ कसा ओळखायचा, ते मी आज सांगणार आहे. सांगतो. पण आधी पडद्यावरचं हे कार्ड बघा. अपोलो बंदर. यॉट क्लब दिसतोय, ताज हॉटेल दिसतंय. काय दिसत नाही? ... बरोबर, गेटवे! मागच्या ओळीचे डोळे तेज आहेत. ताज उघडलं १९०३ च्या डिसेंबरात. गेटवेचा पायाचा दगड बसला ३१ मार्च १९१३ ला आणि उद्घाटन झालं ४ डिसेंबर १९२४ ला. पंचम जॉर्ज १९११ मध्ये इथे उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच. ती बांधण्यासाठी बंदरावर भराव घालावा लागला. म्हणजे या कार्डातली पाण्याची कडसुद्धा आज तिथे नाही.

आता ताजवरून नजर खाली आणा. धक्क्याला लागलेले मचवे, गुंडाळलेली शिडं, पायऱ्यांवर बोजा घेतलेली माणसं. छायाचित्रकाराला हवं होतं हॉटेल, कारण कार्ड खपणार होतं ते हॉटेलच्या चित्रामुळे. मचवे आपसूक आले. माझं सगळं म्हणणं या आपसूक आलेल्या गोष्टींबद्दल आहे. नकाशा किनाऱ्याची रेघ दाखवतो. त्या रेघेवर कोण उभं होतं, काय उतरवत होतं, हे या स्वस्त कार्डांनी जपलं. आणि ज्या शहराने आपली कड इतक्यांदा समुद्रात ढकलली, तिथे हा पुरावा फार मोलाचा आहे.

इथे मला एक दुखणं सांगितलंच पाहिजे. जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याकडे मला कार्डांचा गठ्ठा मिळाला. बॅक बे, चौपाटी, मलबार हिल, एकाहून एक सुंदर. उलटून बघतो तर प्रत्येकाचं तिकीट वाफेवर सोडवून काढलेलं! तिकिटाबरोबर निम्मा टपाल शिक्का गेला, शिक्क्याबरोबर तारीख गेली. बाकीची कार्डं अल्बममध्ये डिंकाने चिकटवलेली, ती सोडवताना मजकुराचा वरचा थर निघून आला. एकावर फक्त ‘बोट उद्या सुटते’ एवढं वाचता येत होतं. कुठली बोट, कुठे निघाली, कोण लिहितंय? विक्रेता मला समजावतो, ‘साहेब, चित्र तर शाबूत आहे ना!’ मला त्या दिवशी खरोखर राग आला. अर्धा दस्तऐवज फाडून उरलेल्या अर्ध्याला फ्रेम करायची ही सवय मोडली पाहिजे. तिकीट जमवणाऱ्यांनी तिकिटं जरूर जमवावीत, मी त्यांच्याविरुद्ध नाही. पण कार्डासकट जमवा हो!

मागची बाजू किती बोलते बघा. आपल्याकडे साधं पोस्टकार्ड आलं १ जुलै १८७९ ला, पाव आण्यात. चित्राची कार्डं रुळली ती नंतर. सुरुवातीला मागे फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, म्हणून मजकूर चित्रावरच, आकाशात किंवा समुद्रात लिहिलेला सापडतो. ब्रिटनने १९०२ मध्ये मागची बाजू दुभागायला, म्हणजे अर्ध्या भागात पत्ता आणि अर्ध्या भागात मजकूर लिहायला, परवानगी दिली, मग इतर देशांनीही तेच केलं. रंगांबद्दल मात्र सावध राहा. यातली कितीतरी कार्डं जर्मनीत छापून यायची. रंग भरणाऱ्याने मुंबई पाहिलेली नसायची, त्यामुळे शीड तांबडं दिसलं म्हणून ते तांबडंच होतं असं समजू नका.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत म्हणे. मग पटापट घ्या. ट्राम बघा: घोडे असतील तर १८७४ नंतरचं, वर तार असेल तर १९०७ नंतरचं. राजाबाई टॉवरवरून घेतलेलं दृश्य असेल तर समुद्र कुठवर आहे ते बघा. रेल्वेच्या रुळांपलीकडे लगेच पाणी असेल तर ते मरीन ड्राइव्हच्या आधीचं. तिकिटावर व्हिक्टोरिया, एडवर्ड की जॉर्ज, तेही बघा. पण शिक्क्याची तारीख म्हणजे छायाचित्राची तारीख नव्हे! प्रकाशक एकच निगेटिव्ह वर्षानुवर्षं वापरायचे. शिक्का फक्त सांगतो की चित्र याच्या आधीचं आहे.

अजून एक, आणि हे मला खरं तर सविस्तर मांडायचं होतं. छापलं ते, जे परदेशी पाहुणा विकत घेईल: हॉटेलं, गोद्या, बागा. कोळीण कार्डावर येते ती ‘नमुना’ म्हणून, तिचं नाव नाही, गावठाण नाही. तिच्या घरामागे मासळी कुठे वाळत होती, होड्या कुठे ओढून ठेवल्या जात, ते दाखवणारी कार्डं मला फार थोडी भेटली. तुमच्यापैकी कोणाच्या घरी कोळीवाड्याचं किंवा कोकणातल्या लहान बंदराचं जुनं कार्ड असेल, तर कार्यक्रमानंतर थांबा. दोन्ही बाजू स्कॅन करून कार्ड लगेच परत देतो. स्कॅनर सोबत आणला आहे.