पाषाणच्या तळघरातले १०० फेम्टोसेकंद

(पाषाण रस्ता, पाऊस. जिन्यावरून तळघरात.)

बाहेर पुण्याचा पाऊस कोसळतोय. इथे खाली प्रयोगशाळेत हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र रात्रंदिवस घरघरतंय, कारण लेसरच्या आरशांना ओल चालत नाही.

(हिरवा प्रकाश. गॉगल.)

हा हिरवा लेसर नुसती ऊर्जा पुरवतो. खरं काम त्या लालसर चमकणाऱ्या टायटेनियम-सफायर स्फटिकाचं. त्यातून निघणारा प्रकाशाचा एकेक स्पंद टिकतो १०० फेम्टोसेकंद. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग. तेवढ्यात प्रकाश जेमतेम ३० मायक्रॉन पुढे जातो. केसाची जाडी याहून जास्त.

स्पंदाचे दोन भाग होतात. जोरकस भाग नमुन्याला धक्का देतो, क्षीण भाग मागून येऊन परिणाम टिपतो. दोघांतला उशीर घड्याळ नव्हे, हा सरकता आरसा ठरवतो. तो १५ मायक्रॉन मागे घेतला, की जाऊन-येऊन ३० मायक्रॉन वाट वाढते, म्हणजेच १०० फेम्टोसेकंद. तो सरकतोय, आत्ताही. दिसणार नाही.

(लेथ, धातूचा कीस.)

आरसे धरणारे हे ठोकळे भोसरीत वळवलेत. ‘टॉलरन्स किती?’, म्हणजे मापात किती फरक चालेल, हा कारागिराचा पहिलाच प्रश्न. आयात कॅटलॉग चाळत बसलेल्यांनी हे हात जरूर पाहावेत.

(काळा स्फटिक. नमुना अतिथंड ठेवणाऱ्या क्रायोस्टॅटची धडधड.)

नमुना टर्बियम मँगनाइटचा. २८ केल्विनखाली, म्हणजे उणे २४५ अंश सेल्सिअसच्याही खाली, त्यातल्या मँगनीजचे स्पिन, म्हणजे एकेका अणूची इवली चुंबकं, पीळ घेत मांडले जातात आणि त्या पिळातूनच विद्युत ध्रुवीकरण जन्मतं, म्हणजे धन आणि ऋण प्रभार किंचित अलग सरकतात. यातलं हे ध्रुवीकरण जपानी संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. चुंबकत्व आणि विद्युत ध्रुवीकरण एकाच स्फटिकात नांदतात, अशा पदार्थांना मल्टिफेरॉइक म्हणतात.

(पडद्यावर आलेख.)

चुंबकीय रचना ढळली, की परावर्तित प्रकाशाच्या कंपनाची दिशा किंचित वळते. १९९६ मध्ये स्ट्रासबर्गच्या गटाला निकेलचं चुंबकत्व पिकोसेकंदाच्या, म्हणजे हजार फेम्टोसेकंदांच्या, आत ढासळताना दिसलं. इथली रेषा मात्र रेंगाळत उतरते. धातूसारखे मोकळे इलेक्ट्रॉन इथे नाहीत. ऊर्जा आधी अणूंच्या जाळीत जाते, मग स्पिनपर्यंत पोहोचते.

विजेच्या दाबावर चुंबकाची दिशा फिरवणारी, कमी ऊर्जा खाणारी मेमरी हे यामागचं एक उद्दिष्ट.

आता तापमान ३२ केल्विन. या तापमानाला चुंबकीय रचना टिकते, पण पीळ नसतो आणि ध्रुवीकरणही नसतं. तेच मोजमाप पुन्हा. दोन रेषा एकावर एक ठेवल्या, की पिळाचा वाटा किती ते वेगळं काढता येईल.