कोयतीचं म्यान आणि दोन सुया

मंडळी, आत येताना एका काकांनी विचारलं, "ऑनलाइन चामडं शिवायच्या तीस हत्यारांचं किट मिळतंय, घेऊ का?" नका घेऊ. भोकं पाडायला एक आरी, दोन बोथट सुया, मेण लावलेला दोरा, कापायला धारदार रापी नाहीतर साधा कटर आणि लोखंडी पट्टी, एवढ्यावर वर्षभर निभतं. टाक्यांच्या खुणा करायला जेवणाचा काटा चालतो. तो मात्र घरात विचारून घ्या, कारण पुन्हा ताटात येत नाही.

चामडं निवडून घ्या. दुकानदार सगळ्यालाच 'अस्सल' म्हणतो. तुम्हाला हवं ते बाभळीच्या सालीने, हिरड्याने कमावलेलं, कोल्हापुरी चपलेला वापरतात तसलं. कापलेली कड बघा, ती आतपर्यंत तपकिरी दिसते. क्रोमने, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं मऊ असतं आणि कडेला बऱ्याचदा निळसर राखाडी झाक मारतं. पाण्याचा थेंब टाकून बघा. हिरड्याचं चामडं तो पिऊन टाकतं आणि तेवढा ठिपका काळपट होतो. 2015 च्या कायद्याने राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे म्हशीचं चामडं मागा. पाकिटाला दीड मिलिमीटर, कमरेच्या पट्ट्याला साडेतीन.

आता शिवण. दोरा शिवणीच्या चौपट घ्या, दोन्ही टोकांना एकेक सुई. एकाच भोकातून एक सुई इकडून, दुसरी तिकडून. दरवेळी तोच हात आधी, ओढ दोन्हीकडे सारखी. मशिनच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की शिवण उसवत जाते. या दोन सुयांच्या टाक्यात एक बाजू झिजली तरी दुसरी धरून ठेवते.

हे मला स्टँडजवळच्या चपला शिवणाऱ्या मामांनी शिकवलं. मी पाच भोकं पाडली, ती पाच दिशांना गेली. मामा म्हणाले, "आरी सरळ धर, तू वाकडा बस हवा तर." ज्या कामापायी पिढ्यान्‌पिढ्या माणसांना गावकुसाबाहेर ठेवलं, ते आज आपण हौस म्हणून करतोय. तेव्हा शिकायला जाल तर त्यांच्या वेळेचे पैसे द्या. चहा पाजला म्हणजे फी झाली, असं समजू नका.

माझी पहिली वस्तू म्हणजे कोयतीचं म्यान. बागेत जाताना कोयती कमरेच्या आकडीला लटकते आणि मांडीला लागते, म्हणून केलं. कौतुकाने कोयती त्यातच ठेवली आणि जुलैत विसरलो. श्रावणात बाहेर काढली तर पातं तांबेरलेलं, म्यानावर बाहेरून हिरवी बुरशी आणि आत पात्याच्या आकाराचा काळाकुट्ट डाग. बुरशी पुसली गेली, डाग गेला नाही. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड भेटले की काळं होणारच. जुन्या काळी शाई अशीच करायचे. तेव्हा आपल्याकडे पावसाळ्यात पातं म्यानात ठेवायचं नाही, आणि चामडं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडायचं नाही.

आता तोच डाग मी मुद्दाम पाडतो. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर ठेवायचे, पाणी गाळायचं आणि ब्रशने चामड्यावर फिरवायचं. बघता बघता काळं होतं. क्रोमच्या चामड्यावर ही गंमत होत नाही. बाटलीचं झाकण तेवढं सैल ठेवा, आत वायू सुटतो. आमच्या फडताळाचं दार अजून नीट लागत नाही.