उनकेश्वरचं पाणी कुठून तापून येतं?

सकाळचे सहा, कडाक्याची थंडी, आणि कुंडावरची ही वाफ बघा. नांदेड जिल्हा, किनवट तालुका, उनकेश्वर. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ. पाण्यात हात घातला की आधी दचकायला होतं, मग काढावासाच वाटत नाही. कातडीच्या आजारावर उतारा म्हणून लोकं लांबलांबून आंघोळीला येतात.

कुणालाही विचारा, खाली ज्वालामुखी आहे म्हणतील, नाहीतर गंधक जळतंय. आम्हीही लहानपणी हेच ऐकलेलं. पण हा काळा दगड ज्या लाव्ह्याचा झालाय तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थिजला, त्यात आता धग कुठली.

हे पाणी पावसाचंच. ह्या डोंगरांवर पडतं, बरंचसं ओढ्यानं निघून जातं, थोडं भेगांत शिरतं, आणि ह्या भागातल्या भेगा साध्या नाहीत. इथून आग्नेयेला गोदावरीची खचदरी आहे, जवळपास ३० कोटी वर्षांपूर्वी जमीन ताणली जाऊन मधला पट्टा खाली बसत गेला आणि कडांना खोल फॉल्ट, म्हणजे दगड सरकून पडलेल्या भेगा, पडले, त्याच दिशेचा कडम फॉल्ट ह्या भागातून जातो. अशा मोडलेल्या दगडातनं पाणी खाली उतरतं. किलोमीटरला २५ ते ३० डिग्रीनं जमीन तापत जाते, म्हणजे वरची मूळची पंचवीसेक डिग्री धरून दोन किलोमीटर खाली गेलेलं पाणी ८० च्या घरात. तापलं की हलकं होतं, वरून डोंगराच्या पाण्याचा रेटा असतोच, मोकळी फॉल्ट सापडली की वर. झटकन आलं तर गरम, रमतगमत आलं तर कोमट. उष्णता काय, लातूरच्या बोअरखाली पण आहे हो, नशीब लागतं ते वाटेचं.

खचदरीच्या पोटात तर वाळूचा दगड पाणी धरून ठेवतो आणि वर चिखलाच्या दगडाची वाकळ, ऊब सुटत नाही. तेलंगणात मणुगुरूला कोळशासाठी पाडलेल्या बोअरमधून असंच गरम पाणी आलं, सिंगरेणी ह्या कोळसा कंपनीनं त्यावर २० किलोवॅटचा छोटा वीज प्लँट उभारला. पाच एचपीच्या पाच मोटारी चालतील एवढीच वीज, पण कोळशाच्या गावात!

आणि हे बोअरचं मशीन. अशा बोअरनं जमिनीतलं वरच्या थराचं पाणी उपसत गेलं तर रेटा कमी होतो, झरा थंडावतो, कधी आटतोही.

त्या आजी बघा, पाय सोडून बसल्यात. रात्री मशीनचा आवाज इथपर्यंत येत होता म्हणाल्या.