कोणती किल्ली बाहेर गेली?

(दृश्य: म्हापसा बाजार, शुक्रवारची सकाळ. मोबाइल दुरुस्तीचं दुकान. टेबलावर फोन, शेजारी लॅपटॉप.)

सुरू करताच फोन कंपनीच्या लोगोवर अडकून बसला, की दुकानातला कारागीर म्हणतो, "सॉफ्टवेअर मारावं लागेल." वायर जोडली जाते, लॅपटॉपवरची पट्टी पुढे सरकू लागते आणि काही मिनिटांत फोनच्या आतली व्यवस्था नव्याने लिहिली जाते. ही व्यवस्था म्हणजे फर्मवेअर. ते खरोखर कंपनीचंच आहे हे फोन कसं ओळखतो? आणि ओळखीची खूणच भलत्याच्या हाती लागली तर?

(दृश्य: फोन सुरू होतो. पडद्यावर साखळीचं रेखाचित्र.)

पॉवरचं बटण दाबलं की सर्वांत आधी चिपमधला बूटरॉम जागा होतो. हा कोड कारखान्यातच चिपमध्ये कोरलेला असतो, नंतर तो कुणालाच बदलता येत नाही. तो बूटलोडरवरची, म्हणजे फोन सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामवरची, डिजिटल सही तपासतो, बूटलोडर कर्नेलची, म्हणजे व्यवस्थेच्या गाभ्याची, तपासतो, आणि कर्नेल सिस्टमचा विभाग वाचता वाचता तुकड्यामागून तुकडा पडताळत जातो. कुठेही सही जुळली नाही, तर फोन तिथेच थांबायला हवा. कंपनी सही करते ती स्वतःजवळच्या खासगी किल्लीने, आणि फोन ती जुळवतो कंपनीच्या सार्वजनिक किल्लीशी. त्या सार्वजनिक किल्लीचा हॅश, म्हणजे तिचा आकड्यांतला ठसा, चिपमधल्या फ्यूजमध्ये जाळून ठेवलेला असतो, आणि जळलेला फ्यूज पुन्हा जोडता येत नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी अडचण इथूनच सुरू होते.

बातमी येते ती एका ओळीची: अमुक कंपनीची किल्ली फुटली, म्हणजे बाहेर गेली. पण फर्मवेअरच्या किल्ल्या दोन जातीच्या असतात. पंचायतीचं पत्र बंद पाकिटात आलं असं समजा. पाकीट उघडता आलं, तर आतला मजकूर वाचता येतो. पंचायतीचा शिक्काच हाती लागला, तर मात्र पंचायतीच्या नावाने नवीन पत्र लिहिता येतं. एन्क्रिप्शनची किल्ली म्हणजे पाकीट उघडणं. सहीची खासगी किल्ली म्हणजे शिक्का.

पाकीट उघडल्याचं ठळक उदाहरण ऑगस्ट 2017 मधलं. झेरब या टोपणनावाच्या संशोधकाने आयफोन 5एस मधल्या सिक्युअर एन्क्लेव्हच्या फर्मवेअरची किल्ली जाहीर केली. फिंगरप्रिंट आणि पासकोडचं काम ही वेगळी प्रोसेसर-कोठडी सांभाळते. तिचा कोड तोवर बाहेरच्या कुणाला वाचता येत नव्हता, तो आता वाचता येऊ लागला. पण त्यामुळे कुणाचे फोटो किंवा संदेश उघडे पडले नाहीत. फर्मवेअर ज्या किल्लीखाली बंद असतं ती त्या चिपच्या सगळ्या फोनांत सारखीच असते. तुमच्या डेटाची किल्ली मात्र त्या एकाच फोनच्या चिपमधला गुप्त क्रमांक आणि तुमचा पासकोड यांतून तयार होते. म्हणून चार आकडी पासकोड सोडून सहा आकडी किंवा अक्षरांचा ठेवणं हे खरंच कामाचं आहे. एन्क्रिप्शनची किल्ली फुटण्यातला धोका उशिरा पोचतो: कोड वाचता आला की त्यातल्या चुका शोधता येतात. त्या चांगल्या माणसांनाही सापडतात, वाईटांनाही.

(दृश्य: फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमधून आलेली एपीके, म्हणजे अँड्रॉइड अ‍ॅप बसवायची फाइल.)

शिक्का गेल्याचं उदाहरण जास्त गंभीर आहे. डिसेंबर 2022 मध्ये गूगलच्या अँड्रॉइड सुरक्षा गटाने जाहीर केलं, की सॅमसंग, एलजी आणि मीडियाटेक यांच्यासह काही कंपन्यांच्या प्लॅटफॉर्म किल्ल्यांनी सही केलेले घातक अ‍ॅप सापडले आहेत. फोनमधला मूळ सिस्टम अ‍ॅप ज्या किल्लीने सही होतो, ती प्लॅटफॉर्म किल्ली. त्याच सहीचा दुसरा अ‍ॅप सिस्टमचीच ओळख मागू शकतो, आणि फोन ती देतो. मग इतर अ‍ॅप घालणं-काढणं, चालू कॉलमध्ये ढवळाढवळ करणं, अशा गोष्टी तुम्हाला न विचारता होऊ शकतात. त्याहून फसवं म्हणजे, आधीपासून असलेल्या सिस्टम अ‍ॅपचं 'अपडेट' म्हणून असा अ‍ॅप त्याच्या जागी बसू शकतो. सही जुळते, म्हणून फोन हरकत घेत नाही.

असे अ‍ॅप प्ले स्टोअरवर आढळले नाहीत, असं गूगलने तेव्हा सांगितलं. म्हणजे वाट उरते ती बाहेरून आलेल्या एपीकेची: वीजबिलाच्या नावाने, वाहनाच्या चलनाच्या नावाने, लग्नाच्या पत्रिकेच्या नावाने आलेली फाइल. गोव्यातल्या घराघरांतल्या गटांत अशा फाइली पुढे ढकलल्या जातात, आणि ढकलणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. सेटिंग्जमध्ये 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा' ही परवानगी व्हॉट्सअ‍ॅप, ब्राउझर आणि फाइल मॅनेजर, तिघांचीही बंद ठेवा. एकाची बंद करून भागत नाही.

प्लॅटफॉर्म किल्ली अपडेट पाठवून बदलता येते. पण अपडेट पोचायला हवं. एलजीने 2021 मध्ये फोनचा धंदाच बंद केला. त्या कंपनीचे फोन सेकंडहँड बाजारात दिसले, तर स्वस्त म्हणून घेऊ नका. फ्यूजमध्ये हॅश जळालेल्या मुळाच्या किल्लीची गोष्ट त्याहून कठीण. काही चिपमध्ये जादा मूळ किल्ल्यांची सोय असते. जिथे नसते, तिथे विकले गेलेले फोन तसेच राहतात.

आणि किल्ली कधी कधी चोरावीही लागत नाही. अँड्रॉइडच्या खुल्या कोडसोबत चाचणीच्या किल्ल्या मिळतात, खासगी भागासकट, जगात कुणालाही. त्या फक्त प्रयोगशाळेत वापरायच्या. तरी काही कंपन्यांनी सिस्टमचे काही भाग त्याच किल्ल्यांनी सही करून फोन विकले. डिसेंबर 2023 च्या अँड्रॉइड सुरक्षा अपडेटमध्ये अशीच एक चूक दुरुस्त करावी लागली. हा निष्काळजीपणा माफ करण्यासारखा नाही. कारण बूटलोडर उघडा असेल, म्हणजे सहीच्या पडताळणीचं कुलूप काढलेलं असेल, तर सुरू होताना फोन इशारा दाखवतो. फुटलेल्या किल्लीने केलेली सही मात्र बरोबरच ठरते, आणि पडदा नेहमीसारखा उजळतो.

(दृश्य: दुकानाचा काउंटर. गिऱ्हाईक फोन हातात घेऊन पाहतं.)

सेकंडहँड फोन घेताना पैसे देण्याआधी पाच मिनिटं काढा. फोन बंद करून सुरू करा. बूटलोडर अनलॉक असल्याचा इशारा आला, तर परत द्या. 'फोनविषयी' मध्ये सुरक्षा अपडेटची तारीख पाहा. ती दोन वर्षांमागे अडकली असेल, तर त्यात बँकेचा अ‍ॅप नको. बिल्ड नंबरमध्ये 'टेस्ट-कीज' हे शब्द दिसले, तरी तो घेऊ नका. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस प्रमाणित आहे' असं यायला हवं. मग *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, काढा, इंग्रजीत केवायएम (KYM) लिहून जागा सोडून तो क्रमांक 14422 वर एसएमएस करा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल, तर उत्तरात कळतं.

संशय आला तर फॅक्टरी रीसेट पुरत नाही. रीसेट तुमचा डेटा पुसतो, सिस्टमच्या विभागाला हात लावत नाही. कंपनीचं पूर्ण फर्मवेअर तिच्या सेवा केंद्रातूनच मारून घ्या. खात्यातून पैसे गेले असतील, तर आधी दुसऱ्या फोनवरून सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला कळवा आणि संशयित फोन पुसू नका. रायबंदरच्या सायबर पोलिसांना तपासासाठी तो तसाच लागेल. बूटलोडर उघडा असलेल्या फोनला पुन्हा कुलूप लावायचं असेल, तर आधी मूळ फर्मवेअर, मगच कुलूप. बदललेल्या सिस्टमवर कुलूप लावलं, तर पडताळणी फसते आणि फोन सुरूच होत नाही. कुलूप लावताना आतला सगळा डेटाही जातो, म्हणून फोटो आधी काढून ठेवा.