थांब कुणी म्हणायचं?

(शहापूर, बेळगाव इथल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

डोळा तयार होताना बघायचा तर आई पारदर्शक हवी, नाहीतर अंडं तरी. झेब्राफिशचं अंडं तसं असतं. भाताच्या खाचरांत, संथ ओढ्यांत राहणारा हा पट्टेरी मासा मूळचा आपल्याच उपखंडातला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरनं गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याची नोंद केली. पुढं अमेरिकेत ओरेगनमध्ये जॉर्ज स्ट्रायसिंजर या जीवशास्त्रज्ञानं त्याला प्रयोगशाळेत आणला.

अंडं फळल्यावर २४ तासांत डोळ्याची वाटी दिसते. तोवर तिथल्या पेशींना एकच उद्योग: एकीच्या दोन, दोनीच्या चार. साधारण २८व्या तासाला पहिल्या काही पेशी विभाजन सोडतात आणि चेतापेशी होतात. ७२ तासांच्या सुमारास मधलं दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या मागचा उजेड टिपणारा पडदा, जवळपास पुरं. आमचं सगळं कुतूहल त्या 'सोडतात'मध्ये आहे.

या पहिल्या पेशींना एटीओएच-सेव्हन हे जनुक लागतं. ते बिघडलेल्या माशाला 'लाक्रिट्झ' म्हणतात. जर्मनमध्ये ज्येष्ठमधाची काळी गोळी. मासा काळा का? भोवती उजेड असला की त्याच्या कातडीतले रंगकण आकसतात, तो फिका पडतो. उजेडाची खबर डोळा देतो. पण याच्या डोळ्यात मेंदूपर्यंत तार ओढणाऱ्या पेशीच झालेल्या नसतात. खबर जात नाही, मासा काळाच राहतो. बिघडलेली एकेक प्रत बाळगणाऱ्या, म्हणजे वाहक, आईबापांच्या पिल्लांत चारांत एक असा निघतो, आणि बशीत नुसत्या नजरेनं वेगळा करता येतो. डोळ्यातला बिघाड कातडीवर वाचायचा, ही युक्ती मला फार आवडते. आणि थांबायचं चुकलेल्या पेशी? त्या विभाजत राहतात आणि मागाहून भलत्याच जातीच्या होतात.

एचडॅक-वन हे जनुक गेलं तर आणखी पंचाईत. पेशी विभाजतच सुटतात.

माणसात लगाम धरणारं असंच एक जनुक आहे, आरबी-वन. दृष्टिपटलाच्या पेशीत त्याच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या तर लहान मुलाच्या डोळ्यात कर्करोगाची गाठ होऊ शकते. बारशाच्या फोटोत फ्लॅशनं बाळाची बाहुली पांढरी चमकली, तर फोटोवाल्याला बोल लावत बसू नका. लगेच नेत्रतज्ज्ञ गाठा.

विणकरांच्या शहापुरात बोलतोय, तर मागाचं सांगायलाच हवं. विणून झालेलं कापड तसंच राहतं, नवा धागा कडेला बसतो. माशाच्या डोळ्यातही मधला भाग विणून झालेला, पण कडेच्या कड्यात विभाजणाऱ्या पेशी जन्मभर राखून ठेवलेल्या. मासा वाढतो तसं तिथं नवं दृष्टिपटल जोडलं जातं. मागावर कापड एका बाजूनं वाढतं, इथं चहूबाजूंनी, एवढाच फरक.

मघाशी चहाला एका विणकर काकांनी विचारलं, "आणि मधीच फाटलं तर?" रफू होतं, काका. म्यूलर नावाच्या आधारपेशी असतात. माशाला इजा झाली की त्या पुन्हा विभाजतात आणि नव्या चेतापेशी देतात. त्याच पेशी तुमच्या-माझ्या डोळ्यातही आहेत. आपल्या मात्र व्रण धरून बसतात.